प्रिंटर चालू, तरी कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन': परत परत येणाऱ्या तक्रारीचं मूळ आणि पक्का इलाज

तक्रार कायम त्याच शब्दांत येते: "प्रिंट जात नाहीये." जाऊन बघावं तर प्रिंटर चालू, पडद्यावर 'रेडी', ट्रेमध्ये कागद, टोनर भरलेला. आणि कॉम्प्युटरवर त्याच प्रिंटरच्या नावाखाली 'ऑफलाइन'. कुणीतरी प्रिंटर बंद करून चालू करतं, एक-दोनदा राउटरचंही बटण दाबलं जातं, आणि अडकलेल्या सगळ्या प्रिंट एकदम बाहेर पडायला लागतात. काम झालं म्हणून विषय मिटतो. मग आठ-पंधरा दिवसांनी, बहुतेकदा जोडून आलेल्या सुट्टीनंतर, पुन्हा तेच.

ऑफिसांमधली नेटवर्क सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. या तक्रारीवर लोक जे उपाय करत बसतात ते पाहून वाईट वाटतं, कारण त्यात फार वेळ जातो. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, केबल बदलतात, प्रिंटर दुरुस्तीला पाठवतात. एका ठिकाणी तर नवा प्रिंटर आणला गेला आणि तोही तीन आठवड्यांत 'ऑफलाइन' झाला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. बंद-चालू केल्यावर जो प्रिंटर सुरळीत चालतो, त्यात बहुतेक वेळा बिघाड नसतोच. त्याचा नेटवर्कवरचा पत्ता बदललेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत असतो.

आधी दोन पत्ते समोरासमोर ठेवा

काहीही बदलण्याआधी हे करा. प्रिंटर 'ऑफलाइन' दिसत असतानाच करा, बंद-चालू करायच्या आधी. एकदा बंद-चालू केलं की पुरावा गेला.

प्रिंटरच्या स्वतःच्या मेन्यूत 'नेटवर्क' किंवा 'रिपोर्ट' या भागात नेटवर्कची माहिती छापायची सोय असते. त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, पान थेट प्रिंटरमधूनच निघतं. त्यावर चार गोष्टी शोधा: आयपी ॲड्रेस (हाच नेटवर्कवरचा पत्ता), सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कवर सगळ्यांचा सारखा ते सांगणारे आकडे), मॅक ॲड्रेस (उपकरणाची स्वतःची ओळख; काही कंपन्या त्याला हार्डवेअर ॲड्रेस म्हणतात) आणि पत्ता कसा मिळाला ती ओळ. त्या ओळीत 'डीएचसीपी' किंवा 'ऑटो' असेल (पत्ता आपोआप मिळाला), नाहीतर 'मॅन्युअल' किंवा 'स्टॅटिक' (पत्ता हाताने भरला).

मग विंडोजच्या कॉम्प्युटरवर त्या प्रिंटरचं 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा आणि 'पोर्ट्स' या टॅबवर जा. पोर्ट म्हणजे प्रिंट कुठे पाठवायची ती कॉम्प्युटरमधली नोंद. ज्या ओळीपुढे टिक आहे तीच तुमची. इथे एक फसवी जागा आहे: यादीत दिसतं ते पोर्टचं नुसतं नाव. पूर्वी कुणी आतला पत्ता बदलला असेल, तर नावात जुना पत्ता तसाच राहतो. म्हणून त्या ओळीवर 'कॉन्फिगर पोर्ट' दाबून आतला पत्ता वाचा.

आता ताडून पाहा. प्रिंटरच्या कागदावर १९२.१६८.१.३१ आणि कॉम्प्युटरमध्ये १९२.१६८.१.२३, असं असेल तर दुखणं सापडलं. पत्ते जुळत असतील किंवा पोर्टचं नाव 'डब्ल्यूएसडी'ने सुरू होत असेल, तर त्याबद्दल खाली लिहिलं आहे. (आकडे मी देवनागरीत लिहितोय, भरताना नेहमीचे इंग्रजी आकडे भरायचे.)

पत्ता हलतो कसा

नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता लागतो. तो हाताने भरत बसावं लागू नये म्हणून राउटर तो आपोआप वाटतो. या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पण राउटर पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीसाठी देतो. या मुदतीला लीज म्हणतात आणि बऱ्याच राउटरमध्ये ती २४ तासांची असते. उपकरण चालू असेल तर निम्मी मुदत संपल्यावर ते स्वतःहून मुदत वाढवून घेतं आणि तोच पत्ता पुढे चालू राहतो. म्हणूनच रोज चालू असणारा प्रिंटर महिनोन्‌महिने एकाच पत्त्यावर दिसतो आणि आपली खात्री पटते की हा पत्ता त्याचाच आहे.

सुट्टीत मात्र प्रिंटर बंद असतो. मुदत उलटते, पत्ता मोकळा होतो. सुट्टीनंतर सकाळी ऑफिसात आधी शिरतात ते लोक आणि त्यांच्या खिशातले फोन. प्रिंटरचं बटण नंतर कुणीतरी दाबतं. तोवर .२३ हा पत्ता एखाद्या फोनला गेलेला असतो आणि प्रिंटरला .३१ मिळतो. कॉम्प्युटरला यातलं काही कळत नाही. तो प्रिंट .२३ला पाठवतो, तिथे असलेल्या फोनला प्रिंट म्हणजे काय ते माहीत नसतं, आणि तुमच्या पडद्यावर 'ऑफलाइन' उमटतं. वीज जाऊन राउटर बंद पडला तरी असंच होऊ शकतं, कारण अनेक साध्या राउटरमध्ये वाटलेल्या पत्त्यांची यादी बंद झाल्यावर पुसली जाते.

मग बंद-चालू केल्यावर चालतं कसं? कधी योगायोगाने जुना पत्ता पुन्हा मिळतो. कधी, पोर्ट 'डब्ल्यूएसडी' असेल तर, प्रिंटर चालू होताना 'मी आलोय' अशी आरोळी सगळ्या नेटवर्कला देतो आणि कॉम्प्युटर त्याला पुन्हा ओळखतो. दोन्हींत पत्ता पक्का होत नाही, म्हणून तक्रार परत येते.

एकाच ऑफिसात सहा जणांच्या प्रिंट जात नाहीत आणि दोघांच्या बिनबोभाट जातात, हेही यातूनच समजतं. ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर प्रिंटर सहसा बॉनजूर या पद्धतीने जोडलेला असतो. तो पत्ता धरून न बसता नावाने प्रिंटर शोधतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी त्याचं अडत नाही. "माझ्याकडे तर चालतंय" असं कुणी म्हणालं की त्याचा कॉम्प्युटर कोणता आणि प्रिंटर कसा जोडलाय, हे विचारा.

इलाज: पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा

पत्ता कायम करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, प्रिंटरच्या पॅनलवर 'मॅन्युअल' निवडून पत्ता हाताने भरायचा. दोन, प्रिंटरला 'डीएचसीपी'वरच ठेवायचं आणि राउटरला सांगायचं की या मॅक ॲड्रेसचं उपकरण आलं की त्याला नेहमी हाच पत्ता दे. याला राउटरच्या मेन्यूत 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी-मॅक बाइंडिंग' अशी वेगवेगळी नावं असतात.

राउटरचा पासवर्ड तुमच्या हातात असेल तर मी यातला दुसरा मार्गच घ्यायला सांगेन. सगळे पत्ते एकाच ठिकाणी लिहिलेले राहतात, कुठला पत्ता कुणाला दिला हे राउटरला माहीत असतं, आणि पुढे कुणी प्रिंटरची सेटिंग मूळपदावर नेली तरी पत्ता तोच मिळतो.

राउटरच्या पानावर जायला ब्राउझरमध्ये गेटवेचा, म्हणजे राउटरचा, पत्ता टाका. तो प्रिंटरच्या त्याच कागदावर 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून छापलेला असतो. आत जोडलेल्या उपकरणांच्या यादीत प्रिंटर शोधा, कागदावरच्या मॅक ॲड्रेसशी अक्षर न अक्षर ताडा आणि रिझर्व्ह करा. मॅक ॲड्रेस १२ अक्षरांचा असतो, ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं. इथे घाई नको. ज्या प्रिंटरला केबल आणि वाय-फाय दोन्ही आहेत त्याला दोन वेगवेगळे मॅक ॲड्रेस असतात. मी स्वतः एकदा वाय-फायचा मॅक राखून ठेवला होता आणि प्रिंटर चालत होता केबलवर. रिझर्व्हेशन यादीत व्यवस्थित दिसत होतं, पण त्याचा उपयोग शून्य. आधी प्रिंटर कशावर जोडलेला राहणार ते ठरवा, मग त्याच बाजूचा मॅक घ्या.

रिझर्व्हेशन झालं की प्रिंटर एकदा बंद-चालू करा, माहितीचं पान पुन्हा छापा आणि ठरवलेलाच पत्ता मिळालाय ना ते कागदावर पाहा. पडद्यावर 'सेव्ह झालं' दिसलं एवढ्यावर थांबू नका.

आता प्रत्येक कॉम्प्युटरवर 'पोर्ट्स'मध्ये जाऊन 'ॲड पोर्ट', मग 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा आणि नवा पत्ता भरा. प्रोटोकॉल 'रॉ' आणि पोर्ट क्रमांक ९१०० राहू द्या. बहुतेक ऑफिस प्रिंटर त्यावरच ऐकतात. ड्रायव्हर काढायची गरज नाही, फक्त टिक नव्या पोर्टवर गेली पाहिजे. जुन्या पोर्टवर अडकलेल्या प्रिंट रांगेतून काढून टाका. त्या निघत नसतील तर 'सर्व्हिसेस'मध्ये 'प्रिंट स्पूलर' एकदा रीस्टार्ट करा.

राउटर हातात नसेल आणि पत्ता प्रिंटरवरच भरावा लागणार असेल, तर पुढचा प्रसंग आधी वाचा.

केबल काढली, तरी उत्तर येत होतं

एका ऑफिसात प्रिंटर अर्धवट चालायचा. तीन पानं निघायची, चौथ्याला अडकायचा. दहा मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचा. दोन्ही पत्ते ताडून पाहिले तर तंतोतंत जुळत होते: १९२.१६८.१.५०. प्रिंटरवर 'मॅन्युअल' लिहिलेलं, म्हणजे कुणीतरी विचार करून पत्ता कायम केला होता. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहिलं. चारही उत्तरं आली. नेटवर्क ठीक, प्रिंटर ठीक, पत्ता ठीक, आणि प्रिंट मात्र निघत नाही.

मग प्रिंटरची केबल काढून हातात धरली आणि पुन्हा पिंग केलं. उत्तरं येतच होती. ज्या पत्त्याचं उपकरण नेटवर्कवर नाही त्या पत्त्यावरून कुणीतरी बोलत होतं.

लगेच 'एआरपी -ए' ही आज्ञा दिली (कमांड प्रॉम्प्टमध्ये ती इंग्रजी अक्षरांत लिहायची). कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणता मॅक आहे ते ती दाखवते. .५०समोरचा मॅक प्रिंटरच्या कागदावरच्या मॅकशी जुळत नव्हता. त्याचं दुसरं अक्षर 'ई' होतं. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असलं तर तो मॅक कारखान्यात दिलेला नसतो, उपकरणाने स्वतः बनवलेला असतो; हल्लीचे फोन वाय-फायवर जाताना तसं करतात. शोधल्यावर एका सहकाऱ्याचा फोनच निघाला.

झालं असं होतं: राउटर २० ते २०० एवढे पत्ते वाटत होता आणि प्रिंटरवर हाताने भरलेला ५० त्याच पट्ट्याच्या मधोमध होता. प्रिंटर स्वतःचा पत्ता स्वतः घेऊन बसला होता, त्याने राउटरकडे कधी मागितलाच नाही, म्हणून राउटरच्या यादीत .५० मोकळा होता. प्रिंटर बंद असताना फोन आला, राउटरने .५० त्याला देऊन टाकला. नंतर प्रिंटर सुरू झाला आणि एका पत्त्यावर दोघे नांदायला लागले. कॉम्प्युटरचे निरोप कधी याला, कधी त्याला.

म्हणून पत्ता हाताने भरायचा असेल तर तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा घ्या. वरच्या उदाहरणात २०१ ते २५४ मधला कुठलाही, जो दुसऱ्या कुणी घेतलेला नाही. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पत्त्याचे पहिले तीन गट कॉम्प्युटरच्या पत्त्याशी जुळलेच पाहिजेत. मास्क आणि गेटवे दोन्ही नीट भरा. त्याच नेटवर्कवरच्या प्रिंटसाठी गेटवे लागत नाही, त्यामुळे तो चुकला तरी प्रिंट निघत राहते आणि चूक लपते. ती उघडी पडते स्कॅन ईमेलने पाठवताना, कारण तेव्हा प्रिंटरला इंटरनेटवर जावं लागतं.

पत्ता बरोबर, प्रिंटही निघते, तरी 'ऑफलाइन'

हा वेगळा रोग आहे. विंडोज स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्टवरच्या प्रिंटरची विचारपूस एसएनएमपी या पद्धतीने करतं. प्रिंटरमध्ये एसएनएमपी बंद केलेलं असेल किंवा त्याचा 'कम्युनिटी' शब्द 'पब्लिक'ऐवजी दुसरा ठेवलेला असेल, तर उत्तर येत नाही आणि विंडोज समजतं की प्रिंटर गेला. 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये तळाशी 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी चौकट असते, तिची टिक काढा. त्यानंतर कागद संपला वगैरे सूचना कॉम्प्युटरवर तितक्या नेमक्या मिळणार नाहीत, पण प्रिंट अडणार नाही.

'डब्ल्यूएसडी' पोर्ट

विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडला की पुष्कळदा हे पोर्ट बनतं. घरी एक प्रिंटर, दोन लॅपटॉप असतील तर ठीक आहे. ऑफिसात मी ते ठेवत नाही. ते आरोळ्यांवर चालतं. मधला एखादा स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) किंवा वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट त्या आरोळ्या अडवतो, किंवा कॉम्प्युटरवर नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असतं, आणि प्रिंटर दिसेनासा होतो. पोर्ट बदलून स्टँडर्ड टीसीपी/आयपी करा. ड्रायव्हर कुरकुर करत असेल तर प्रिंटर काढून 'आयपी ॲड्रेस किंवा होस्टनेम वापरून' नव्याने जोडा, आणि तिथे 'डिव्हाइस टाइप'मध्ये 'ऑटोडिटेक्ट' न ठेवता 'टीसीपी/आयपी डिव्हाइस' निवडा. 'ऑटोडिटेक्ट' ठेवलं तर विंडोज परत 'डब्ल्यूएसडी'वर जाऊ शकतं.

पत्ता १६९.२५४ने सुरू होतोय

प्रिंटरच्या कागदावर असा पत्ता दिसला तर कॉम्प्युटरकडे बघूच नका. प्रिंटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला, असा त्याचा अर्थ. केबल दोन्ही टोकांना 'टक' आवाज येईपर्यंत बसलीय का, खाचेजवळचा दिवा लागतोय का, स्विचचं दुसरं तोंड वापरून पाहिलं का, हे तपासा. राउटरच्या वाटपाचे पत्ते संपलेले असले तरी हेच दिसतं. माणसं आणि फोन वाढलेल्या ऑफिसात तसं खरोखर होतं. पट्टा वाढवा किंवा फोनांसाठी पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं करा.

वाय-फायवरचा प्रिंटर

केबल पोचत असेल तर ऑफिसच्या प्रिंटरला केबलच द्या, हे माझं ठाम मत आहे. पोचत नसेल तर दोन-तीन गोष्टी. पुष्कळ प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर असला तरी काही बिघडत नाही, दोघे एकाच राउटरच्या एकाच नेटवर्कवर असले की झालं. पण प्रिंटर किंवा लॅपटॉप पाहुण्यांच्या वाय-फायवर असेल तर प्रिंट जाणार नाही. ते नेटवर्क आतल्या उपकरणांना एकमेकांपासून तोडण्यासाठीच असतं. आणि राउटरवर सुरक्षा 'फक्त डब्ल्यूपीए३' केली असेल तर जुने प्रिंटर जोडलेच जात नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालणारा पर्याय ठेवा.

स्कॅन जात नाही, प्रिंट मात्र निघते

इथे दिशा उलटी असते. प्रिंटच्या वेळी कॉम्प्युटर प्रिंटरला शोधतो, स्कॅन फोल्डरमध्ये टाकताना प्रिंटर कॉम्प्युटरला शोधतो. प्रिंटरच्या ॲड्रेस बुकमध्ये कॉम्प्युटरचा आयपी भरलेला असतो आणि तोही तसाच हलतो. ज्या कॉम्प्युटरवर स्कॅन येतात त्याचाही पत्ता राखून ठेवा. त्या कॉम्प्युटरच्या युजरचा पासवर्ड बदलला असेल तर प्रिंटरमध्येही बदला. हे हमखास विसरलं जातं. जुन्या प्रिंटरचं आणखी एक कारण असतं: ते एसएमबीची (नेटवर्कवरून फोल्डरमध्ये फाइल टाकायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती वापरतात, आणि २०१७च्या अखेरच्या विंडोज १० आवृत्तीपासून ताज्या इन्स्टॉलेशनमध्ये ती येत नाही. ती पुन्हा चालू करायला सांगणारे सल्ले मिळतील, पण ती असुरक्षित आहे. प्रिंटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं करून दुसरी आवृत्ती मिळते का पाहा, नाहीतर स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या.

हे सगळं करताना प्रिंटरचं स्वतःचं वेब पान उघडेलच, ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाकला की ते येतं. त्याचा कारखान्यातला पासवर्ड तेव्हाच बदला. घरून प्रिंट देता यावी म्हणून राउटरमधून प्रिंटरचं पोर्ट इंटरनेटवर उघडं करू नका. ९१०० वर आलेलं काहीही प्रिंटर पासवर्ड न विचारता छापतो.

काम संपलं की पत्ता, मॅक, 'राउटरमध्ये राखून ठेवला' की 'हाताने भरला', आणि तारीख, एवढं एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी तपासायला येणारा तुम्हीच असाल असं नाही. आणि राउटर बदलायचा दिवस आला तर जुना काढण्याआधी त्याच्या एलएएनच्या (आतल्या नेटवर्कच्या) पानाचा आणि रिझर्व्हेशनच्या यादीचा फोटो काढून घ्या. नवा राउटर १९२.१६८.० हा गट वाटत आला आणि तुमचे कॉम्प्युटर १९२.१६८.१ मध्ये प्रिंटर शोधत असले तर सगळे एकदम 'ऑफलाइन' होतात. नव्या राउटरला जुनाच पत्ता, जुनाच पट्टा देऊन यादी तशीच भरली, तर एकाही कॉम्प्युटरला हात लावावा लागत नाही.